‘मान्य’ दाबलं म्हणजे काय काय मान्य केलं? व्हॉट्सअ‍ॅप, आपला नंबर आणि डेटाचा नवा कायदा

डेटा संरक्षणाचा नवा कायदा म्हणजे डीपीडीपी, मेटाला (व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी, जिचं आधीचं नाव फेसबुकच) दंड, अशा बातम्या हल्ली सारख्या येतायत आणि त्यावर घरात किंवा ऑफिसात विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे “आपण काय एवढे मोठे लागून गेलोय, आपली माहिती घेऊन कोण काय करणार.” आणि दुसरं, “आता काय उपयोग, सगळं गेलंच आहे त्यांच्याकडे.” दोन्हीचा मतलब एकच, की यात आपल्या हातात काही नाही. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही तेच इथे सांगते. कायद्याची भाषा होईल तेवढी टाळते, जिथे एखादा शब्द वापरावाच लागेल तिथे एकदा अर्थ सांगून पुढे जाते.

उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपचंच घेते, कारण ते सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. २०२१ मध्ये सरकारनेच भारतातला आकडा ५३ कोटी दिला होता. शाळेचा गृहपाठ, सोसायटीच्या पाण्याची वेळ, बचत गटाचा हिशेब, लग्नाची पत्रिका, लॅबचा रिपोर्ट, सगळं त्यावरच येतं.

आधी आठवा ती जानेवारी २०२१ ची स्क्रीन

अ‍ॅप उघडलं की मधेच एक चौकट यायची. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी बदलतंय, असं वर लिहिलेलं, खाली तीन मुद्दे, त्यातला एक बिझनेसवाले फेसबुकच्या सेवा वापरून तुमचे चॅट कसे सांभाळतील याचा आणि एक फेसबुकच्या इतर प्रॉडक्टशी भागीदारीचा. त्याखाली तारीख, ८ फेब्रुवारी २०२१, आणि त्या तारखेनंतर व्हॉट्सअ‍ॅप वापरायचं तर हे मान्य करावंच लागेल असं स्पष्ट वाक्य. ‘मान्य’चं बटण हिरवंगार आणि ठळक. ‘आत्ता नको’चा पर्याय होता, पण ‘नको’ असा पर्यायच नव्हता. हे नीट लक्षात घ्या, पुढचा सगळा वाद ह्याच एका गोष्टीवर आहे.

तेव्हा बराच गोंधळ झाला, लोक धडाधड सिग्नल, टेलिग्राम अशी दुसरी मेसेजिंग अ‍ॅप डाउनलोड करायला लागले, कंपनीने तारीख १५ मेपर्यंत ढकलली. सुप्रीम कोर्टात विषय निघाला तेव्हा सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे, आणि त्यांनी कंपनीला सुनावलं होतं की तुम्ही दोन-तीन ट्रिलियन डॉलरची कंपनी असाल पण लोकांना पैशापेक्षा आपली प्रायव्हसी मोलाची वाटते. मग हळूहळू सगळं थंडावलं. बहुतेकांनी कधीतरी घाईत, कुणाचा तरी मेसेज बघायचा होता म्हणून, ‘मान्य’ दाबून टाकलं.

“पण माझे मेसेज तर कोणीच वाचू शकत नाही ना?”

बरोबर आहे. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. हे खरंच चांगलं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे. २०२१ चा वाद मेसेजच्या मजकुराबद्दल नव्हताच, तरी ‘व्हॉट्सअ‍ॅप आपले मेसेज वाचणार’ अशा अफवा इतक्या फिरल्या की खरा मुद्दा त्यात बुडाला. कंपनीनेही पानभर जाहिराती दिल्या की आम्ही मेसेज वाचत नाही. ते खरंच होतं, पण लोकांनी जे विचारायला हवं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

खरा मुद्दा मेटाडेटाचा. मेटाडेटा म्हणजे बोलण्यातला मजकूर सोडून बोलण्याभोवतीची सगळी माहिती. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं ना, तसं समजा. वॉचमन तुमच्या घरात शिरत नाही, आत काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू येत नाही. पण कोणत्या फ्लॅटला किती वाजता कुरिअर आलं, डॉक्टर कधी आले, एजंट किती वेळा येऊन गेला, गाडीचा नंबर काय, घरचे रात्री किती वाजता परततात, हे सगळं त्या वहीत ओळीने लिहिलेलं असतं. सहा महिन्यांची वही कुणाच्या हातात दिली तर घरात कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरतंय, घर विकायला काढलंय का, हे तो बसल्याजागी सांगेल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत त्या वहीत काय काय असतं? तुमचा फोन नंबर, फोनचं मॉडेल, बॅटरी आणि नेटवर्कची माहिती, आयपी अ‍ॅड्रेस ज्यावरून तुम्ही साधारण कोणत्या शहरात आहात ते कळतं, अ‍ॅप कधी आणि किती वापरता, ग्रुपची नावं, प्रोफाइल फोटो, अ‍ॅपवरून पैसे पाठवले तर त्याचा तपशील आणि कोणकोणत्या बिझनेस अकाउंटशी तुमचा संबंध येतो ते. कंपनीचं म्हणणंही सांगायला हवं, की कोण कुणाला मेसेज करतो याच्या नोंदी आम्ही ठेवत नाही आणि तुमची काँटॅक्ट लिस्ट फेसबुकला देत नाही. ठीक आहे, तेवढ्या ओळी वहीतून वगळूया. तरी जे उरतं ते थोडं नाही, आणि त्यात सगळ्यात किमती आहे तो तुमचा नंबर.

नंबरात एवढं काय आहे?

आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे जवळजवळ माणसाचं दुसरं नावच झालंय. बँक, यूपीआय, गॅस, आधार, मुलाची शाळा, सगळं त्याच एका नंबरला जोडलेलं. ईमेल माणूस पाच उघडेल, नंबर सहसा बदलत नाही, बदलायचा म्हटला तरी किती ठिकाणी चकरा मारायला लागतात ते ज्याने केलंय त्याला विचारा.

आता कपड्याच्या दुकानात बिलिंग काउंटरवर काय होतं बघा. बिल करायच्या आधी मुलगी विचारते, “मॅडम, मोबाइल नंबर?” मागे रांग असते, आपण पटकन सांगून टाकतो. त्या दुकानाकडे हजारो गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी तयार होते. ही यादी सांकेतिक रूपात मेटासारख्या जाहिरात कंपनीच्या सिस्टिमवर चढवायची सोय असते आणि कंपनी आपल्याकडच्या अकाउंटशी ती जुळवून बघते, मग ज्यांचे नंबर जुळले त्यांना इन्स्टाग्रामवर त्या दुकानाची जाहिरात दाखवता येते, शिवाय ‘ह्यांच्यासारखीच दिसणारी’ आणखी माणसंही शोधून देता येतात. म्हणून बरेचदा आपल्याला वाटतं की फोन आपलं बोलणं ऐकतोय. ऐकायची गरजच नसते, नंबराच्या दोरीने ठिकठिकाणची माहिती एकत्र बांधली जाते.

ह्या हिशोबात ज्याच्याकडे ५० कोटींपेक्षा जास्त चालू, खात्रीचे भारतीय नंबर आहेत त्या अ‍ॅपची किंमत काय असेल ते बघा, आणि मग फेसबुकने २०१४ मध्ये एक जवळजवळ फुकटातलं, जाहिरात नसलेलं अ‍ॅप १९ अब्ज डॉलरला का घेतलं हेही लक्षात येईल.

विश्वास कसा झिजत गेला

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण ‘कंपनीवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे’ असं जे विचारतात त्यांना ही तारखांची ओळ माहीत असायला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप काढलं यान कुम आणि ब्रायन अ‍ॅक्टन या दोघांनी. कुमच्या टेबलावर अ‍ॅक्टनच्या हातची एक चिठ्ठी लावलेली असायची, जाहिराती नाहीत, गेम नाहीत, नसते चाळे नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनी फेसबुकला विकली तेव्हा कुमने वापरणाऱ्यांना जाहीर सांगितलं की तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये पॉलिसी बदलली. आता फोन नंबर आणि वापराची माहिती फेसबुकला जाणार. जुन्या लोकांना एवढीच सूट की ३० दिवसांच्या आत सेटिंगमध्ये जाऊन, जाहिरातींसाठी ही माहिती वापरू नका असं सांगायचं. ज्यांना कळलं त्यांनी सांगितलं, बाकीच्यांचं राहून गेलं. त्याविरुद्ध दोन तरुण दिल्ली हायकोर्टात गेले आणि तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेलं.

मे २०१७ मध्ये युरोपियन कमिशनने फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड ठोकला. कशासाठी? तर व्हॉट्सअ‍ॅप विकत घेण्याच्या सौद्याला परवानगी घेताना फेसबुकने सांगितलं होतं की दोन्हीकडची अकाउंट आपोआप खात्रीने जुळवणं आम्हाला शक्य नाही, आणि नंतर उघड झालं की ते शक्य आहे हे कंपनीतल्या लोकांना २०१४ मध्येच माहीत होतं. त्याच वर्षी अ‍ॅक्टन कंपनी सोडून गेला, आणि मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण (एका क्विझसारख्या अ‍ॅपमधून फेसबुकवाल्यांची माहिती राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे गेल्याचं) गाजलं तेव्हा त्याने स्वतः लोकांना फेसबुक डिलीट करा असं सांगितलं. ज्याने अ‍ॅप बनवलं आणि विकून अब्जावधी मिळवले तो माणूस हे सांगतोय.

मग २०२१, जिथे ३० दिवसांची सूटही गेली. आणि जून २०२५ मध्ये जाहीर झालं की व्हॉट्सअ‍ॅपच्या अपडेट्स टॅबमध्ये, स्टेटस बघता तिथे, जाहिराती येणार. चॅटमध्ये नाहीत हे खरं. पण २०१४ चं ‘काहीही बदलणार नाही’ आणि २०२५ ची जाहिरात यांच्यामधला सगळा प्रवास एकेका ‘मान्य’ने झालाय, आणि दर वेळेला आपल्याला वाटलं की एवढ्याने काय होतंय.

यात कुणी एक माणूस वाईट आहे असं मला म्हणायचं नाहीये. मेटाचं २०२४ चं उत्पन्न १६४.५ अब्ज डॉलर होतं आणि जवळजवळ सगळं जाहिरातीतून आलेलं. ज्याचं पोट जाहिरातीवर चालतं तो आज ना उद्या हातातली माहिती जाहिरातीसाठी वापरणारच. म्हणून कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही यात मला फारसा रस नाही. मी बघते ती एकच गोष्ट, की मी ‘नाही’ म्हणू शकते का आणि ‘नाही’ म्हटल्यावरही माझं काम चालू राहतं का. तेवढं असेल तर विश्वासाचा प्रश्नच निम्मा सुटतो, आणि ते नसेल तर कितीही गोड शब्दांत आश्वासनं दिली तरी ती कंपनीच्या मर्जीवर.

“नको असेल तर अ‍ॅप काढून टाका ना, जबरदस्ती कुठे आहे?”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर बरोबरही वाटतो. पण करून बघा. एकट्याने अ‍ॅप काढलं तर शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप, सगळ्यातून तुम्ही बाहेर. बाकीचे पन्नास जण तुमच्यासाठी सिग्नलवर येणार नाहीत. ज्या बाईचा पोळीभाजीचा धंदा व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरवर चालतो तिला ‘काढून टाका’ म्हणणं म्हणजे धंदा बंद कर म्हणणं आहे.

नेमकं हेच कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने, म्हणजे सीसीआयने पकडलं. सीसीआय म्हणजे बाजारात कुणी आपल्या ताकदीचा गैरफायदा घेत नाही ना ते बघणारी केंद्राची यंत्रणा. मार्च २०२१ मध्ये कुणाच्या तक्रारीची वाट न बघता त्यांनी स्वतःहून चौकशी लावली आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला, दंड २१३.१४ कोटी रुपये. सीसीआयने सांगितलं ते साध्या भाषेत असं, की तुमच्यासारखा दुसरा पर्याय लोकांकडे नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि अशा वेळी ‘घ्या नाहीतर जा’ म्हणणं ही अन्यायकारक अट आहे, त्याला मर्जीने दिलेली संमती म्हणता येत नाही. शिवाय जाहिरातीसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती द्यायला पाच वर्षं बंदी घातली.

मेटा अपिलात गेली. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएलएटीने, म्हणजे अपील ऐकणाऱ्या लवादाने, बंदीला स्थगिती दिली, आणि ४ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात पाच वर्षांची बंदी रद्द केली पण दंड मात्र कायम ठेवला. म्हणजे ज्या पद्धतीने मान्य करायला लावलं ते चूकच होतं, हे दोन्ही ठिकाणी ठरलं. बातम्यांमध्ये ‘मेटाला दिलासा’ एवढंच मोठ्या अक्षरात आलं म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

आणि युरोपात काय झालं? २०२१ ची ती बदललेली पॉलिसी आली तेव्हा कंपनीने युरोपातल्या लोकांना सांगितलं की तुमची व्हॉट्सअ‍ॅपची माहिती फेसबुकवरच्या जाहिरातींसाठी वापरणार नाही. अ‍ॅप तेच, कंपनी तीच, फरक एवढाच की तिथे २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कडक कायदा होता आणि आपल्याकडे तेव्हा तसा कायदा नव्हता. कायद्याने काही फरक पडतो का असं विचारणाऱ्याला मी एवढंच दाखवते.

“माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही”

नसेलही. पण तुमची माहिती फक्त तुमची नसते. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या वेळी फेसबुकनेच दिलेला भारताचा आकडा बघा. ते क्विझसारखं अ‍ॅप भारतात घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती साधारण ५ लाख ६२ हजार लोकांची, कारण मित्रांची माहितीही त्या अ‍ॅपला मिळत होती. बाकीच्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसरं म्हणजे यात गुपितं उघड होण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती वर्गवारीची. तुम्हाला कोणत्या गटात टाकलंय, त्यावरून काय दाखवलं जातं आणि काय कधीच दाखवलं जात नाही, हे तुम्हाला कळायचा मार्गच नसतो. अमेरिकेत २०१९ मध्ये तिथल्या सरकारच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर ठपका ठेवला की घराच्या जाहिराती विशिष्ट वंशाच्या, धर्माच्या लोकांना दिसूच नयेत अशी सोय सिस्टिममध्ये आहे. ज्याला जाहिरात दिसली नाही त्याला आपल्याला वगळलंय हे कधी कळणार? मुंबई-पुण्यात घर भाड्याने शोधताना आडनाव विचारून फोन ठेवणारे लोक आपल्याला माहीत आहेत. तिथे निदान समोरच्याने फोन ठेवला हे तरी समजतं.

“फुकट देतायत, मग थोडी माहिती गेली तर बिघडलं कुठे?”

जाहिरात दाखवायला माझी काहीच हरकत नाही, वर्तमानपत्रं आणि टीव्ही त्यावरच चालले. पण वर्तमानपत्रातली जाहिरात तुमच्यामागे घरभर फिरत नव्हती. पाळत न ठेवताही जाहिरात दाखवता येते, आणि युरोपने हाच आग्रह धरला. तिथे मेटाने २०२३ मध्ये पर्याय दिला की एक तर महिन्याला पैसे भरा नाहीतर माहिती वापरू द्या, त्यावर एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने २० कोटी युरोंचा दंड केला. कारण असं की कमी माहिती वापरणारा, पण बाकी तसाच चालणारा पर्याय लोकांना द्यायलाच हवा होता.

मग आपला नवा कायदा काय देतो?

आधी थोडी पार्श्वभूमी. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेतून तो निकाल आला. त्यातलं प्रमुख निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, आणि त्यात आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते तो निकालच त्यांनी चुकीचा ठरवला. मग मुंबईच्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला, तो बरेच फेरफार होत होत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा म्हणून मंजूर झाला, हाच तो डीपीडीपी. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे ठरल्याप्रमाणे मे २०२७ मध्ये लागू होणार.

कायद्याचा गाभा संमती. ती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून आणि विनाअट असली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिलंय ते मला फार आवडतं. एक बाई फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं अ‍ॅप घेते, ते अ‍ॅप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधली काँटॅक्ट लिस्टही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला काँटॅक्ट लिस्ट लागत नाही, म्हणून तिचं ‘हो’ फक्त पहिल्या गोष्टीपुरतं धरायचं. म्हणजे बाईने बटण दाबलं तरी नको ती संमती धरलीच जाणार नाही! २०२१ च्या हिरव्या बटणाला ह्याहून चांगलं उत्तर नाही. (आणि ‘बाई’ मी म्हणत नाहीये, ह्या कायद्यात सगळ्याच माणसांसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलंय.)

संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. तुमची कोणती माहिती आहे ते विचारता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, पुसून टाका म्हणता येईल. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी. माहिती चोरीला गेली तर कंपनीने तुम्हालाही कळवायचं आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डालाही, म्हणजे ह्या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या बोर्डाला.

आणि एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावाच लागेल. म्हणजे मराठीत, गोव्यात कोंकणीत. आजवर इंग्रजीतली वीस-वीस पानं खाली सरकवून आपण ‘मान्य’ करत आलो, माझ्या आईच्या पिढीने तर न वाचताच. मराठीत दिलीच पाहिजे म्हटल्यावर निदान विचारायची सोय झाली.

“दंडाने ह्या कंपन्यांना काय फरक पडतो?”

हा आक्षेप मात्र खरा आहे. २१३ कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण मेटाच्या २०२४ च्या उत्पन्नाशी गुणोत्तर लावलं तर ती साधारण दीड तासाचीही कमाई होत नाही. डीपीडीपीत एका चुकीला जास्तीत जास्त २५० कोटी, तुम्ही छोटी कंपनी असा की जगातली सगळ्यात मोठी. युरोपच्या जीडीपीआरमध्ये जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड होतो, म्हणून तिथे मेटाला मे २०२३ मध्ये एकदम १२० कोटी युरोंचा दणका बसला. माझ्या मते आपल्या कायद्यातली ही मोठी उणीव आहे. सीसीआयच्या कायद्यात २०२३ ला दुरुस्ती होऊन जगभरच्या उलाढालीवर दंड मोजायची सोय झालीय, आणि अ‍ॅपलने त्याला दिल्ली हायकोर्टात आव्हान दिलंय. कंपन्यांना नक्की कशाची धास्ती वाटते ते यावरून कळतं.

दुसरी उणीव, दंडाचे पैसे जातात सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याच्या हातात काहीच नाही. आयटी कायद्यात ४३अ हे कलम आहे, हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर त्याखाली भरपाई मागता येते, पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम निघून जाणार.

“आणि सरकारवर कोण लक्ष ठेवणार?”

कंपनीच्या हातातली वही काढून सरकारच्या हातात दिली तर आपण काय कमावलं, असं कुणी विचारलं तर मी त्याच्या बाजूने आहे. डीपीडीपीत केंद्राला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून सूट देता येते. बोर्डाचे सदस्यही केंद्रच नेमणार. आधीच्या मसुद्यात अशीच सूट घातली गेली तेव्हा स्वतः श्रीकृष्ण यांनी त्यावर जाहीर टीका केली होती.

शिवाय ह्या कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी खासगी माहिती नाकारताना अधिकाऱ्याला त्याच कलमात व्यापक जनहित तपासावं लागायचं, आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरतं. कलम ८(२) मध्ये जनहिताचा मार्ग अजून उघडा आहे, पण तालुक्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो कोण सांगणार? केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी ज्या महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथे ह्यावर जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही याचं मला वाईट वाटतं. सामान्य माणसाचा खासगीपणा जपायचा कायदा अधिकाऱ्याची फाइल झाकायला वापरला जाऊ नये.

पण म्हणून नियमनच नको असं मी म्हणणार नाही. कंपनीला कुणी मत देऊन निवडून दिलेलं नसतं. सरकारला निदान कोर्टात खेचता येतं, निवडणुकीत जाब विचारता येतो, आणि २०१७ चा तो नऊ न्यायाधीशांचा निकाल सरकारच्याच विरुद्ध लागलेला आहे.

मे २०२७ पर्यंत नुसतं बसून राहायचं का?

नाही. काही गोष्टी आज करता येतात. व्हॉट्सअ‍ॅप मेटाच्या अकाउंट सेंटरला जोडा असं सुचवलं जातं, गरज नसेल तर जोडू नका, कारण जोडलं की तुमच्या इतर अकाउंटवरच्या आवडीनिवडीही जाहिरातीसाठी वापरल्या जातात. मेटा एआयशी, म्हणजे त्यातच दिलेल्या चॅटबॉटशी, गप्पा मारताना लक्षात ठेवा की ते तुमचं मैत्रिणीशी चाललेलं बोलणं नाही, ते मेसेज कंपनीकडेच जातात, आणि एआयशी झालेल्या संवादांचा वापर जाहिराती ठरवायला करणार हे मेटाने जाहीर केलंय. आजारपण, पैसे, घरातली भांडणं तिथे लिहू नका. चॅटचा बॅकअप घेत असाल तर त्याचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं, ते करा.

दुकानात नंबर विचारला तर ‘नको’ म्हणा, बिल त्याशिवायही होतं. रांगेत मागचे लोक बघतात म्हणून संकोच वाटतो पण एकदा म्हणून बघा, काउंटरवरची मुलगी मुकाट्याने पुढचं बटण दाबते.

आणि कायदा पूर्ण लागू झाला की सूचना मराठीत मागा, माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते लेखी विचारा. पहिली तक्रार कंपनीच्याच तक्रार विभागाकडे करायची असते, त्यांना उत्तर द्यायला नियमात जास्तीत जास्त ९० दिवस दिलेत, त्यानंतर बोर्डाकडे जाता येतं. कंपनीकडे तक्रार केल्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेवा, आधी त्यांच्याकडे गेला होता हे बोर्डापुढे दाखवावं लागेल.